हातकणंगले स्टेशन: इचलकरंजीकरांनी पॅसेंजर कधी धरावी, कधी नाही

काम शाहूपुरी, लक्ष्मीपुरी किंवा सीबीएसच्या (मध्यवर्ती एसटी स्टँडच्या) आसपास असेल तर हातकणंगलेहून कोल्हापूरला पॅसेंजरला तोड नाही. तिकीट १० रुपये, आणि उतरलं की एसटी स्टँड चालत गाठता येतो. अंबाबाईला जायचं असेल तर पुढे केएमटीची सिटी बस बघा. रिक्षा केलीत की वाचवलेले पैसे तिथंच गेले. इचलकरंजीहून स्टेशनपर्यंत यायचा खर्चही हिशेबात धरा.

तिकिटाचा घोळ मात्र नेहमीचा. १० रुपयांचं तिकीट फक्त पॅसेंजरचं. ते घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड. एक्स्प्रेसचं जनरल तिकीट ३० रुपयांपासून आहे. म्हणून खिडकीवर नुसतं "एक कोल्हापूर" म्हणू नका, गाडी कुठली तेही सांगा. सकाळी काढलेल्या तिकिटावर संध्याकाळची गाडीही चालत नाही.

वेळेच्या बाबतीत ही सेवा कमी पडते. मिरज–कोल्हापूर मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असली की एकीला स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबावं लागतं, आणि थांबते ती बहुतेक पॅसेंजरच. कोर्टाची तारीख किंवा परीक्षा असेल तर एक गाडी आधीची धरा, नाहीतर सरळ एसटीने जा. पावसाळ्यात रुकडीच्या पुढचा पंचगंगेचा पूल बघूनच बेत करा. पाणी गर्डरपाशी आलं की गाड्या मिरजेतच संपवतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तेच झालं.

जुनी रेल्वे बघायला येणाऱ्यांसाठी थोडं. मिरज–कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थानाने बांधला. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते काम सुरू झालं, १८९१ मध्ये गाडी धावली, तीही मीटरगेजवर. १९७१ मध्ये ब्रॉडगेज आलं: रुळांमधलं अंतर १ मीटरवरून १.६७६ मीटर. त्यानंतर बरीच वर्षं मिरजेत तिन्ही गेज नांदले. पंढरपूरकडे नॅरो, बेळगावकडे मीटर, पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉड. मिरज–सांगली हा मीटरगेजचा छोटा फाटा मात्र उखडला गेला. सांगलीत 'स्टेशन चौक' आजही आहे, स्टेशन तिथं नाही. त्यामुळे मीटरगेज शोधत हातकणंगल्यात उतरू नका, काही हाती लागायचं नाही.

कोल्हापूरकडे जाताना उजवीकडची खिडकी घ्या. दुपारी ऊन डावीकडून येतं, आणि आळत्याचे डोंगरही उजव्या हातालाच दिसतात.