नाशिकमधील एका दिवसाची फसवणूक : २९,९५० रुपये आणि एक खोटे जलरंगचित्र

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून नाशिकला गेलेल्या आमच्या कुटुंबाची एका दिवसात २९,९५० रुपयांची फसवणूक झाली. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी गेली बावीस वर्षे हिशेबाच्या खात्यात काम करतो आणि दुसऱ्यांची बिले तपासणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरीही लिहीत आहे, कारण आम्हाला फसवणारा माणूस आजही त्याच पद्धतीने गिऱ्हाइके शोधत असणार.

माझे वडील निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. लेणी, संग्रहालये, एखादे चित्रदालन आणि दोन वेळचे चांगले जेवण असा एक निवांत दिवस अप्पांना द्यावा, एवढीच माझी इच्छा होती. समाजमाध्यमावर ‘कला आणि खाद्य सहल’ अशी जाहिरात दिसली. माणशी १,८५० रुपयांत गाडी, माहिती सांगणारा माणूस, प्रवेशशुल्क आणि दोन जेवणे, म्हणजे आम्हा चौघांचे ७,४०० रुपये. त्यातील ५,००० मी क्यूआर कोडवर आगाऊ पाठवले आणि उरलेले २,४०० सकाळी गाडीत बसताना रोख दिले. पावती मागितली, तेव्हा ‘संध्याकाळी एकत्रच देतो’ असे उत्तर मिळाले. पावती न मिळाल्यास पैसे देऊ नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

सकाळ खरोखर चांगली गेली आणि त्यामुळेच आम्ही गाफील राहिलो. मिसळ उत्तम होती. पांडवलेण्यांत अप्पांनी आम्हाला तिसऱ्या लेण्यातील, खांद्यावर भार पेलणारे यक्ष दाखवले आणि दहाव्या लेण्यातील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख समजावून सांगितला. त्या लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवलेल्या ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, नोंद आहे : २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लोक व्यवहाराची रक्कम, दर आणि हेतू दगडावर कोरून ठेवत होते आणि मी मात्र साधा कागदही हाती न घेता गाडीत बसलो होतो.

तिथून अंजनेरीजवळच्या नाणे संग्रहालयात जायचे ठरले होते. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता, हे अप्पांनी सांगितल्यापासून माझी मुलगी उतावीळ झाली होती. त्र्यंबक रस्त्याला लागताच चालक म्हणाला, ‘साहेब, संग्रहालय आज डागडुजीसाठी बंद आहे. त्यापेक्षा चांगले खासगी चित्रदालन दाखवतो.’ ही युक्ती इतकी जुनी आहे की वाचणाऱ्याला हसू येईल. एक दूरध्वनी केला असता तर उलगडा झाला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः तिथे गेलो, तेव्हा आदल्या दिवशी संग्रहालय नेहमीप्रमाणे उघडे होते, असे कळले.

चित्रदालन म्हणजे रस्त्यालगतच्या बंगल्याची एक खोली होती. रामकुंडाचे एक जलरंगचित्र अप्पांसमोर ठेवले गेले : सकाळचे धुके, पायऱ्या, डाव्या कोपऱ्यात पितळी कळशी घेतलेली बाई. ‘ज्येष्ठ चित्रकाराची मूळ कृती, दुसरी प्रत नाही’ असे सांगण्यात आले. किंमत २४,००० होती, आमच्यासाठी १८,५०० करण्यात आली आणि सोबत शिक्का मारलेले प्रमाणपत्रही मिळाले.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अप्पा चित्राजवळ गेले, मान तिरकी करून त्यांनी कागदावर पडणारा उजेड पाहिला आणि हळूच म्हणाले, ‘अरे, रंग कागदात मुरलेला नाही. ओघळाच्या कडेला रंग साचून गडद रेघ येते, ती कुठेच नाही.’ त्यांनी चौकट उघडून दाखवण्याची विनंती केली. ‘मागची मोहर तुटली तर प्रमाणपत्र रद्द होईल,’ असे उत्तर आले. चाळीस वर्षे मुलांना जलरंग शिकवलेला माणूस मला स्पष्ट सांगत होता आणि मी चारचौघांत त्यांना म्हणालो, ‘अप्पा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून तुम्हाला नीट दिसत नाही.’ ते गप्प झाले. मला त्यांनाच भेट द्यायची होती, त्यांच्या वाढदिवसासाठी, आणि त्या हौसेपायी मी त्यांचेच ऐकले नाही. घरी चौकट उघडून भिंगाखाली पाहिले, तेव्हा निळ्या, किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसली. ती खरबरीत कागदावरची छपाई होती आणि वर पारदर्शक डिंकासारख्या थराने कुंचल्याचे फटकारे उठवले होते. चित्र विकत घेताना भिंग जवळ ठेवा आणि चौकट उघडू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

दुपारच्या जेवणाचे पैसे सहलीत धरलेले होते, तरी ‘आत्ता तुम्ही द्या, संध्याकाळी वळते करतो’ असे सांगून ४,०५० रुपये आमच्याकडूनच घेतले गेले. वळते होणार म्हणून मी बिल तपासले नाही. रात्री पाहिले, तर जेवणाचे ३,१२०, त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. साध्या उपाहारगृहाला ५ टक्के जीएसटी लागतो. सेवाशुल्क बिलात परस्पर लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच मनाई केली आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. त्या बिलावरचा क्रमांक १४ अक्षरांचा होता. संध्याकाळी द्वारका चौकात आम्हाला उतरवून गाडी निघून गेली, रात्रीचे जेवण राहिले आणि फोन बंद झाला. खात्याचा तपशील उघडला, तेव्हा आगाऊ रक्कम, उपाहारगृह आणि चित्रदालन या तिन्ही ठिकाणी पैसे घेणाऱ्याचे नाव एकच होते. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव वाचा.

त्यानंतर जे घडले, त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर मी त्याच रात्री तक्रार नोंदवली. ‘तुम्ही स्वतः कोड स्कॅन केला, ओटीपी चोरीला गेला नाही,’ असे ऐकावे लागले. बँकेने हेच वाक्य लेखी दिले. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून विचारले की जागा शहर हद्दीत येते की ग्रामीण. ग्रामीण ठाण्याने सांगितले की आगाऊ रक्कम सांगलीतून गेली, तिथे जा. सांगलीत सांगितले की घटना नाशिकची आहे. शेवटी ‘ही दिवाणी बाब आहे’ असा शेरा मिळाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, हे मी तोंडी सांगितले, तेव्हा ‘मग वकील घेऊन या’ असे उत्तर आले. म्हणून तुम्ही अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मुद्दाम खोटे सांगून पैसे उकळणे दिवाणी बाब कशी होते, हे मला आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने सांगितलेले नाही.

आता मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली आहे. तक्रारदार जिथे राहतो, तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही.

माझी एकच विनंती आहे. चित्र छापील असेल, तर त्याच्या आणखी प्रती नक्की विकल्या गेल्या असणार. रामकुंड, धुके आणि डाव्या कोपऱ्यात कळशीवाली बाई असलेले ‘मूळ’ चित्र तुमच्याही भिंतीवर असेल, तर चौकट उघडून भिंगाने पाहा आणि प्रमाणपत्र जपून ठेवून तक्रार नोंदवा. दुसरी प्रत समोर आली, तर ‘दुसरी प्रत नाही’ हे त्यांचे वाक्यच पुरावा ठरेल.