पास्ता आधी थंड, कोबी शेवटी: सात महिन्यांचा अनुभव

जेवण झालं की पोट जड व्हायचं आणि दोन-दोन दिवस साफ व्हायचं नाही. गोळ्या सुरू करण्याआधी खाण्यात बदल करून बघू, म्हणून सात महिन्यांपूर्वी हे सॅलड पहिल्यांदा केलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार दुपारी माझं जेवण हेच: थंड फ्युसिली (पिळाच्या आकाराचा पास्ता), उकडलेले काबुली चणे, काकडी, कांदा, आंबवलेला कोबी म्हणजे सावरक्राउट, आणि केफिरचं, म्हणजे आंबवलेल्या पातळ दुधाचं, ड्रेसिंग.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. उत्साहाच्या भरात मी वाटीभर कोबी घातला, वर किमची (कोरियन पद्धतीचा तिखट आंबवलेला कोबी), वर भरपूर चणे. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगलं, रात्री झोप नाही. सवय नसलेल्या आतड्याला एवढं सगळं एकदम दिलं की वायू धरणारच. मग एका ताटलीला एकच मोठा चमचा कोबी ठेवला आणि दर आठवड्याला एकेक चमचा वाढवला. आता चार चमच्यांवर थांबले आहे. सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच राहील. चणेसुद्धा आधी मूठभरच घ्या.

दुसरी चूक लक्षात यायला जास्त दिवस लागले. मी गाळलेल्या वाफाळत्या पास्त्यातच कोबी मिसळत होते. आंबवणारे जीवाणू साधारण 60 अंशांच्या पुढे टिकत नाहीत. म्हणजे चव आंबट लागत होती, पण ज्यासाठी हा खटाटोप, ते जिवंत जीवाणू मी स्वतःच मारत होते. बाजारातल्या बाटल्यांचंही तसंच. फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकणारा कोबी बहुतेक वेळा पाश्चराइज केलेला, म्हणजे तापवून जीवाणू मारलेला असतो, आणि काही बाटल्यांत तर तो नुसता व्हिनेगरमध्ये घातलेला असतो. आंबट म्हणजे आंबवलेलं असं नाही. लेबल वाचायची सवय मला इथेच लागली.

मग घरीच बरणी लावली, आणि खरं सांगते, या सगळ्या प्रकारातलं मला सर्वात आवडलेलं काम तेच. एक किलो कोबीला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या 2 टक्के. इथे अंदाज नको, वजनकाटाच हवा. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ लावून दहा मिनिटं चुरलं की भरपूर पाणी सुटतं. मग मुठीने दाबून बरणी भरायची आणि कोबी त्या खाऱ्या पाण्याखाली बुडालेला राहील असं वर वजन ठेवायचं. झाकण सैल, कारण वायूला बाहेर पडायला वाट हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसायला लागतात. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू काम करतात, फसफस त्यांची. आम्लता वाढली की ते मागे पडतात आणि जास्त आंबटपणा सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटातले पुढचं उरकतात. हे जिभेला कळतं: पाचव्या दिवशीचा कोबी सोड्यासारखा चुरचुरतो, तीन आठवड्यांचा खणखणीत आंबट होतो. 18 ते 22 अंशांत ठेवला तर सॅलडसाठी मला चौदाव्या दिवसाचा बरोबर वाटतो. उन्हाळ्यात तो फार लवकर आंबला आणि मऊ पडला, ती बरणी मला आवडली नाही. एकदा वर पातळ पांढरा पापुद्रा आला, तो काढून खालचा कोबी वापरला. पण दुसऱ्या एका बरणीत केसाळ हिरवी बुरशी दिसली, ती अख्खी टाकून दिली. तिथे हळहळायचं नाही.

पास्त्याबद्दल मला आधी वाटायचं की तो नुसता पोट भरायला आहे. तसं नाही. शिजवून थंड केला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या जीवाणूंचं खाणं होतो. म्हणून मी आदल्या रात्री शिजवते. थंड झाल्यावर तो कडक होतो, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त. गाळून, तेलाचा हात लावून, पसरट ताटात निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. ओट्यावर रात्रभर कधीच नाही: शिजलेल्या पास्त्यात वाढणारे काही जीवाणू असं विष सोडतात की नंतर गरम करूनही ते जात नाही. तीन दिवसांत संपवते.

मिसोचं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या जपानी खारट लगद्याचं, ड्रेसिंग मला फार आवडतं, पण ते रात्री मिसळून ठेवलं तेव्हा सकाळी पास्ता गिळगिळीत आणि ड्रेसिंग पाण्यासारखं. कच्च्या मिसोतली विकरं (एन्झाइम) स्टार्च फोडतात. आता ते ताटलीतच, खायच्या वेळी.

मिठाचं मात्र जपून. कोबी, मिसो, ऑलिव्ह, फेटा चीज, सगळंच खारट. माझ्या ताईला रक्तदाबाचा त्रास आहे. तिने मिसो आणि फेटा पूर्ण वगळले, कोबी दोनच चमचे, आणि पास्त्याच्या पाण्यात मीठ नाही. तिला तसंही चवदार लागतं.

फरक मला सहाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवला. पोट रोज साफ होतं, दुपारचा जडपणा गेला. वजन आणि त्वचा होती तशीच आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 निरोगी लोकांवर झालेला 10 आठवड्यांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली होती. पण ती माणसं दिवसाला साधारण सहा वेळा असे पदार्थ खात होती. माझे चार चमचे त्याच्या जवळपासही नाहीत, म्हणून तो निष्कर्ष मी माझ्या ताटलीला लावत नाही.

उलट मधे दोन आठवडे बरणी रिकामी होती. थंड पास्ता आणि चणे चालू होते, आणि पोट बरं राहिलं. पुढे आठवडाभर तेही सुटले, तेव्हा जुना त्रास परत आला. त्यामुळे माझ्या बाबतीत निम्मं श्रेय तरी चण्यांचं आणि थंड पास्त्याचं आहे असं मी मानते. गव्हाच्या पास्त्याने किंवा कांद्याने ज्यांचं पोट बिघडतं, त्यांना हे सॅलड या रूपात मी सुचवणार नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरची बरणी उघडू नका.

सध्या लाल कोबी लावला आहे, आज नववा दिवस. रंग सुंदर उतरलाय, पण अजून जरा कचकच लागतो. आणखी पाच दिवस ठेवणार.