ओटीपी न देताही खातं रिकामं झालं

मामांनी ओटीपी कुणालाही दिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण पहिला तोच प्रश्न करतो. बँकेनेही तोच केला. मामांचं उत्तर दर वेळी एकच, "अगं, मला कुणाचा फोनच आला न्हाई, तर देऊ कुणाला?" आणि ते खरं होतं. कुणी गोड बोललं नव्हतं, केवायसी संपतंय म्हणून घाई केली नव्हती, पोलिस असल्याचं सांगून दम दिला नव्हता. तरी एका रात्रीत खात्यातून १,७४,००० रुपये गेले.

मामा कराडला असतात. त्यांचा छोटा हत्ती आहे आणि तो ते स्वतःच चालवतात. मार्केट यार्डातला माल, मांडववाल्याच्या खुर्च्या, कुणाचं घर बदलायचं असेल तर ते. अशा माणसाला ऑनलाइन चलान काही नवं नसतं. कुठल्या तरी चौकातल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पुढे कधीतरी दंड होऊन समोर येतो, लोकअदालत जवळ आली की थकबाकीच्या नोटिसा येतात. त्यामुळे 'तुमच्या गाडीवर दंड आहे' या वाक्याचा संशय यायचं कारणच नव्हतं. दंड असणारच, किती आहे तेवढंच बघायचं होतं.

शिवाय मेसेज आला तो ओळखीच्या नंबरवरून. मामा ज्याच्याकडून वर्षानुवर्षं टायर घेतात त्या दुकानदाराच्या नंबरवरून, गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो बिचारा स्वतः आदल्या दिवशी याच फाइलीला बळी पडला होता आणि आता त्याच्या नावाने ती परस्पर सगळीकडे जात होती, हे कुणाला ठाऊक? फाइलचं नाव 'आरटीओ चलान', आणि त्यापुढे डॉट एपीके.

नावाच्या शेवटची ही अक्षरं बघायची आपल्याला सवय नाही. पीडीएफ हा कागद आणि जेपीजी हा फोटो, इथपर्यंत लोक आता आलेत. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं आख्खं ॲप, प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं. व्हॉट्सॲपवर मात्र पीडीएफ काय नि एपीके काय, साधारण सारखंच दिसतं: एक चौकोन, त्यात नाव, खाली फाइलचा आकार. दंड वाचायला ॲप कशाला लागतंय, हा प्रश्न पडायला आधी समोर आलंय ते ॲप आहे एवढं तरी कळायला हवं ना.

फोनने अडवलं होतं, हे मामांनी नंतर आठवून सांगितलं. अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घेता येणार नाही, अशी सूचना आली होती आणि त्याखालीच सेटिंग्जचं बटण होतं. ते दाबलं, परवानगी दिली, ॲप बसलं. मग त्या ॲपने स्वतःच्या मागण्या सुरू केल्या: एसएमएस वाचू द्या, पाठवू द्या, कॉल बघू द्या, मेसेजचं मुख्य ॲप म्हणून मलाच नेमा. प्रत्येक मागणीला मामांनी 'हो' म्हटलं. दोष कुणाला द्यायचा? साधा टॉर्च घेतला तरी तो हजार परवानग्या मागतो, आणि गेली दहा-बारा वर्षं आपण सगळ्यांनी त्या न वाचताच देऊन टाकल्यात.

पुढे सरकारी चिन्हं असलेलं पान उघडलं. गाडीचा नंबर, मोबाइल नंबर, आणि 'पडताळणीसाठी १ रुपया भरा'. एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. एक रुपयाच तर आहे, म्हणून मामांनी भरले. पान फिरत राहिलं, 'सर्व्हर व्यस्त आहे' असं म्हणालं आणि बंद झालं. ॲपचं चिन्हही स्क्रीनवरून गेलं. मामांना वाटलं, सरकारी काम, पुन्हा बघू. आणि ते माल भरायला गेले.

चोरी झाली रात्री साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. कार्डाने दिवसाला किती खर्च करता येतो याला मर्यादा असते, आणि बाराच्या ठोक्याला दिवस बदलतो. म्हणजे तासाभरात दोन दिवसांची मर्यादा वापरून होते. गिफ्ट व्हाउचर, वॉलेटमध्ये भरणा, पुन्हा व्हाउचर. प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागला आणि तो बँकेने नियमाप्रमाणे मामांच्याच नंबरवर पाठवला. मामांच्या फोनमध्ये बसलेल्या ॲपने तो वाचला, चोरापर्यंत पोचवला आणि मामांना दिसण्याआधीच नाहीसा केला. पैसे गेल्याचे मेसेजही तसेच गिळले. फोन उशाशी होता आणि एकदाही वाजला नाही.

म्हणूनच 'ओटीपी कुणाला सांगू नका' एवढं पाठ करून आता भागत नाही. ती सूचना चोर फोन करून विचारायचा त्या काळातली. इथे विचारायची गरजच उरलेली नाही. यूपीआयचंही तेच. नोंदणी करताना आपल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि त्यावरून फोन आपलाच आहे असं धरलं जातं. एसएमएस पाठवायचा अधिकार मिळालेलं ॲप तोही परस्पर पाठवू शकतं, आणि मग तुमचा यूपीआय दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतो.

कळलं ते सकाळी डिझेल भरताना. पंपावर स्कॅन केलं, खात्यात पैसे नाहीत. मामा तिथूनच एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले, आणि हे त्यांचं नशीब. त्या दुकानातल्या पोराने अशा केसेस पाहिलेल्या होत्या. त्याने एकही प्रश्न न विचारता फोनचा डेटा आणि वायफाय बंद केलं, सिम काढलं आणि एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. संक्रमित फोन हातात ठेवून कार्ड बंद करायला गेलं, तर त्यासाठी येणारे मेसेजही चोरच वाचणार. सिम दुसरीकडे गेलं की त्याचे कान बंद.

त्याच पोराने फोन फॉरमॅट करायला मात्र साफ नकार दिला. मामी म्हणत होत्या, "ती घाण आधी काढून टाक." तो म्हणाला, "काकी, पुरावा हाय तो." सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत ते अजून होतं, गुगलच्या एखाद्या सेवेसारखं नाव घेऊन. त्या पानाचे, आलेल्या मेसेजचे आणि फाइलच्या नावाचे फोटो त्याने दुसऱ्या फोनने काढून दिले. तक्रार झाल्यावर पुढे सेफ मोडमध्ये ॲप काढलं आणि मग फोन पूर्ण पुसला. सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे एरवी निघायला तयार नसलेलंही तिथे निघतं.

मग १९३०. केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीची ही हेल्पलाइन. नंबर पाठ असलेला बरा, कारण त्या घडीला शोधत बसायचं भान राहत नाही आणि गुगलवर 'बँकेचा हेल्पलाइन नंबर' शोधलं तर भामट्यांनी टाकलेले नंबरही सापडतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच लावायचा. १९३० वर खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक विचारतात. ती माहिती पुढच्या बँकेला किंवा वॉलेट कंपनीला कळवली जाते, आणि पैसे तिथे अजून पडून असतील तर ते थांबवता येतात. मामांचे ४१,००० एका वॉलेटमध्ये सापडले आणि गोठवले गेले. व्हाउचरचे पैसे तोवर वापरून संपले होते. काही तासांच्या उशिराने किती फरक पडतो ते १,७४,००० आणि ४१,००० या दोन आकड्यांच्या फरकातच आहे.

आता बँक. कोणती ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण जवळपास सगळ्यांचंच उत्तर हे असतं: "ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही, म्हणजे तो तुम्हीच दिलात." मामा खजील होऊन बाहेर आले. मी पुण्याहून फोनवर होते, मी त्यांना परत आत पाठवलं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेल्या नियमानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. कार्डाची माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी येतं, हेही त्यातच आहे आणि ते मामांना जड गेलं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. मामांनी बँकेच्या हेल्पलाइनला पंपावरूनच सांगून तक्रार क्रमांक घेतला होता, तरी कार्ड बंद झालं नव्हतं. सिम निघेपर्यंतच्या वेळात एका व्यापाऱ्याने भाड्याचे ६,५०० जमा केले आणि तेही उडाले. कळवल्याची वेळ कागदावर लिहिलेली होती म्हणून ते ६,५०० बँकेने मुकाट परत केले. बाकीच्या रकमेसाठी लेखी तक्रार दिली आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क लागत नाही.

पैशांपेक्षा मामांना जास्त लागलं ते दुसरंच. त्याच रात्री त्यांच्या व्हॉट्सॲपवरून ती फाइल भजनी मंडळात, भावकीच्या ग्रुपवर, माझ्या आत्तेभावाच्या सासरी, सगळीकडे गेली. मामांनी पाठवलंय म्हणून दोघांनी उघडलीसुद्धा. मामीने बटणाच्या फोनवरून एकेकाला फोन लावून सांगितलं, अर्धी सकाळ त्यात गेली. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन असता तर निदान खातं दुसऱ्या फोनवर चालू करणं चोराला अवघड गेलं असतं. आमच्या घरात आता तो सगळ्यांनी लावलाय, आजीसकट.

चलानच असतं असंही नाही. लग्नसराईत हीच गोष्ट पत्रिका होऊन येते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशा पत्रिकेपायी सुमारे १ लाख ९० हजार गेल्याची बातमी आली होती. पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, बँकेचं केवायसी, गॅस जोडणी, नाव काहीही असू शकतं. खरं चलान व्हॉट्सॲपवर ॲपच्या फाइलीतून येत नाही. सरकारी एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचं नाव असतं आणि आता त्याच्या शेवटी 'जी' हे अक्षर असतं. दंड आहे का हे बघायचं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे घालायचे. मामांनी नंतर बघितलं. दंड नव्हताच.

तक्रार दिल्यावर काही आठवड्यांनी आणखी एक प्रकार झाला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झालीये, फाइल पुढे सरकवायला ३,००० भरा. मामांची फसवणूक झाल्याचं त्याला कसं कळलं, याचं उत्तर सोपं आहे: एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. फोन मामीने घेतला होता. "तीन हजार तुमच्याकडंच ठेवा आणि उरलेले आमचे आम्हाला द्या," म्हणाल्या आणि ठेवून दिला. गोठवलेले पैसे सोडवायला कुणाला लाच किंवा फी द्यावी लागत नाही, त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येतो. ४१,००० साठी मामांनी तो केलाय. सध्या तारखा चालू आहेत.