युरोपचा फौजदारी कायदा शिकायचा, पण कुठे: लक्झेंबर्ग, नेदरलँड्स की लंडन?

एलएल.बी. संपत आली की बरेच जण सांगतात, ‘हेगला जाऊन क्रिमिनल लॉ करायचा आहे.’ मी आधी विचारते, खटला कुणावरचा? नरसंहार, युद्धगुन्हे हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा प्रांत, आणि त्या न्यायालयाच्या रोम कराराचा भारत सदस्य नाही. युरोपचा फौजदारी कायदा ही वेगळी गोष्ट आहे. तिथले आरोपी बहुतेक वेळा साधी माणसं असतात. कुणावर घरफोडीचा आरोप असतो, कुणाला लायसन्सशिवाय गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेली असते, आणि माणूस सापडतो दुसऱ्याच देशात. मला हा विषय आवडतो तो त्यामुळेच.

त्याचं मूळ १९९९ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे झालेल्या युरोपीय संघाच्या बैठकीत आहे. एका सदस्य देशाच्या न्यायालयाचा आदेश दुसऱ्याने आपलाच समजून अमलात आणावा, हे तत्त्व तिथे ठरलं. त्यातून २००२ मध्ये युरोपीय अटक वॉरंट आलं आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झालं. आपल्याकडे प्रत्यार्पणाची फाइल म्हणजे जाडजूड गठ्ठा: साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, साक्षांकित प्रती, मग परराष्ट्र मंत्रालयातून समोरच्या सरकारकडे रवानगी. तिथे मात्र एक छापील नमुना असतो. त्यात ३२ गुन्हेप्रकारांची यादी असते. न्यायाधीश चौकटीत खूण करतो, आणि त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा किमान तीन वर्षांची असेल तर ‘आमच्या कायद्यात हा गुन्हा आहे का’ हे समोरच्या देशाने तपासायचं नाही. निर्णय साधारण ६० दिवसांत, आणि आरोपीची संमती असेल तर १० दिवसांत. मंत्रालय मध्ये नाही, न्यायालय थेट न्यायालयाशी बोलतं.

इतका विश्वास ठेवायचा म्हटलं की प्रश्न येतो तुरुंगांचा. हंगेरीला घरफोडी आणि शाळेतल्या चोरीच्या आरोपावरून एक जण हवा होता, रुमानियाला लायसन्स नसताना गाडी चालवून शिक्षा झालेला दुसरा. दोघेही जर्मनीत सापडले. ब्रेमेनच्या न्यायालयाने विचारलं, तिथल्या तुरुंगांत एवढी गर्दी असताना आम्ही माणूस सोपवायचा का? ५ एप्रिल २०१६ ला लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने आरान्योसी आणि कल्डारारू या जोडखटल्यात उत्तर दिलं: अमानुष वागणुकीचा खरा धोका दिसत असेल तर ठोस माहिती मागवा आणि तोवर थांबा. विश्वास आंधळा नको, हे तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे लिहिलं गेलं. विषय खरा इथे सुरू होतो, आणि कुठे शिकायचं याचं उत्तरही इथूनच शोधावं.

लक्झेंबर्ग तुमच्यासाठी आहे, जर तुम्हाला पैशांचे गुन्हे शिकायचे असतील. युरोपीय संघाचं न्यायालय आणि युरोपीय सरकारी वकिलांचं कार्यालय, म्हणजे ईपीपीओ, दोन्ही शहरातल्या किर्शबर्ग या पठारी भागात आहेत. ईपीपीओ १ जून २०२१ ला सुरू झालं, पहिल्या प्रमुख रुमानियाच्या लॉरा कोव्हेसी. ते फक्त संघाच्या पैशावर डल्ला मारणाऱ्यांच्या मागे जातं: अनुदानात घोटाळा, एकाहून अधिक देशांत पसरलेली एक कोटी युरोंवरची व्हॅटची चोरी. ज्यांना पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) आणि ईडीच्या केसेस करायच्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. सार्वजनिक वाहतूक फुकट, घरभाडं मात्र झोप उडवणारं. फ्रेंच येत नसेल तर शहराचा निम्मा फायदा हातचा जातो. न्यायालयाची अंतर्गत चर्चाही फ्रेंचमध्ये चालते.

नेदरलँड्सकडे माझा कल सर्वांत जास्त आहे. सदस्य देशांच्या सरकारी वकिलांना जोडणारी युरोजस्ट आणि पोलिसांना जोडणारी युरोपोल या संघाच्या दोन्ही संस्था हेगमध्ये आहेत, आणि लायडन, उट्रेख्त, ॲमस्टरडॅम, मास्ट्रिख्त इथे इंग्रजीतून कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पण मी ही नावं बघून सांगत नाही. कारण वेगळं आहे. त्या देशात आलेलं प्रत्येक युरोपीय अटक वॉरंट एकाच न्यायालयात जातं, ॲमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयात. तिथे या कामासाठी स्वतंत्र खंडपीठ आहे, सुनावणी खुली असते, आणि निकालावर नेहमीसारखं अपील नाही. म्हणजे पोलंडची न्यायव्यवस्था किती स्वतंत्र उरली आहे, माणूस सोपवावा की नाही, हा प्रश्न तिथे रोजच्या कामात समोर येतो. २०२० मध्ये याच न्यायालयाने पोलिश वॉरंटांबद्दल लक्झेंबर्गला प्रश्न विचारले. उत्तर आलं की व्यवस्थेतले दोष दिसले म्हणून सरसकट नकार देता येणार नाही, त्या माणसाला स्वतःला धोका आहे का ते बघा. वर्गात तो निकाल वाचायचा आणि लायडन किंवा उट्रेख्तहून तासाभराच्या रेल्वे प्रवासानंतर त्याच खंडपीठासमोर जाऊन बसायचं, हे एखाद्या सेशन्स कोर्टात सीनियरच्या मागे उभं राहून शिकण्यासारखंच आहे. सुनावणी डच भाषेत होते, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून डच शिकायला घ्या. बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांना फी बरीच जास्त आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं.

लंडन मी त्यांना सुचवते जे परत येऊन मुंबईतच वकिली करणार आहेत. ब्रिटन आता अटक वॉरंटच्या चौकटीबाहेर आहे. युरोपशी व्यवहार २०२० च्या करारावर चालतो, पण आशय बराचसा तोच. भारताची विनंती मात्र ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या दुसऱ्या भागात येते आणि वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात चालते. विजय मल्ल्यांच्या खटल्यात त्या कोर्टासमोर आर्थर रोड जेलच्या १२ नंबर बराकीचा व्हिडिओ सादर झाला होता: उजेड किती येतो, हवा खेळती आहे का. डिसेंबर २०१८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. २०२५ मध्ये मेहुल चोक्सींना बेल्जियममध्ये अटक झाली तेव्हा पुन्हा तीच बराक, पुन्हा तिथल्या सोयींबद्दल भारताची लेखी हमी. भायखळ्याजवळच्या एका बराकीची लांबी-रुंदी युरोपातली न्यायालयं मोजतात, कारण कैद्याला तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा मिळाली तर तिथे हक्कभंगाचं जोरदार गृहीतक उभं राहतं.

आणि दिलेली हमी नंतर पाळावी लागते. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही या हमीवर. मुंबईच्या टाडा कोर्टाने जन्मठेप दिली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर दिलेल्या शब्दाप्रमाणे वागावं लागेल. हा निकाल तिन्हीपैकी कुठेही शिकलात तरी बरोबर घेऊन जा. आपल्याकडून तिथल्या चर्चेत घालण्यासारखी ती मोलाची भर आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती माहितीपत्रकांत ठळक छापलेली नसते. युरोजस्ट, युरोपोल, ईपीपीओ इथल्या कायम नोकऱ्यांसाठी सर्वसाधारण नियम म्हणून सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. तिथे वकील व्हायचं तर त्या देशाची सनद आणि त्या देशाची भाषा. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठीची एसक्यूई परीक्षा परदेशी वकिलांना खुली आहे, लंडनची ही बाजू भक्कम. पण तिथे पदवीनंतर राहण्याची मुदत कमी होत चालली आहे, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशीचा नियम बघा. कर्ज काढून जाणार असाल तर हे दोन मुद्दे रँकिंगच्या आधी तपासा.

अर्ज भरण्याआधी २०१६ चा तो निकाल पूर्ण वाचा, इंग्रजीत तो मोफत मिळतो. मग आर्थर रोडचा मुद्दा असलेला वेस्टमिन्स्टरचा निकाल वाचा. पहिला वाचताना मनात जास्त प्रश्न आले तर नेदरलँड्सची फी जमवायला लागा, दुसरा वाचताना आले तर लंडनची.