फेस्टिनियॉग रेल्वे: इंजिने घरीच घडवणारी आगगाडी

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावरील पोर्थमॅडॉग बंदरापासून डोंगरातल्या ब्लायनाय फेस्टिनियॉग या खाणींच्या गावापर्यंत साडेतेरा मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा, एक चिमुकला लोहमार्ग जातो. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ५९७ मिलिमीटर आहे. आपल्या नेरळ–माथेरान मार्गाच्या ६१० मिलिमीटरपेक्षाही बोटभर कमी. मुलाकडे मँचेस्टरला मुक्काम असताना या गाडीने जाऊन येण्याचा योग आला. ब्रिटनमध्ये वाफेवर चालणाऱ्या हौशी गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेक जण कुठून कुठून जुनी इंजिने मिळवून आपला ताफा वाढवतात. फेस्टिनियॉगवाल्यांनीही तसे केलेच, पण जोडीला नवी कोरी इंजिने स्वतःच्या कारखान्यात घडवली, आणि या प्रवासाचे खरे आकर्षण मला तेच वाटले.

पोर्थमॅडॉगचे स्थानक अगदी धक्क्याला लागून आहे. फलाटावर ‘डेव्हिड लॉइड जॉर्ज’ नावाचे इंजिन उभे होते. त्याला दोन्ही टोकांना एकेक धुराडे असल्याने माझी नात बराच वेळ त्याच्या भोवती घुटमळली आणि शेवटी म्हणाली, “आजोबा, याचे तोंड कोणत्या बाजूला आहे?” प्रश्न रास्त होता, कारण याला पाठ अशी नाहीच. मधोमध चालकाची खोली, तिच्यातून आरपार गेलेला लांबलचक बाष्पक (बॉयलर) आणि त्याच्या पोटात दोन भट्ट्या, अशी याची रचना आहे. बाष्पकामुळे खोलीचे दोन चिंचोळे भाग होतात; एका बाजूला चालक उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला कोळसा टाकणारा. त्या बिचाऱ्याला वळायलाही धड जागा नसते. फावडे अर्धेच मागे घेऊन, मनगटाच्या झटक्याने तो आळीपाळीने दोन्ही भट्ट्यांत कोळसा सारतो.

ही रचना रॉबर्ट फेअरली या अभियंत्याची. तिचे एकस्व (पेटंट) १८६४ चे आहे. ती इथेच का रुजली, याचे उत्तर मार्गाच्या जन्मात सापडते. १८३२ च्या कायद्याने कंपनी स्थापन झाली आणि १८३६ मध्ये मार्ग सुरू झाला, तेव्हा येथे इंजिन नव्हतेच. खाणीतून पाटीचा दगड (आपण शाळेत ज्याच्या पाट्या गिरवल्या तोच) भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप समुद्राकडे घरंगळत येत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत. उतरताना ते घोडेही गाडीला जोडलेल्या खास डब्यात उभे राहून खाली येत. मार्गाला सलग सौम्य उतार आहे तो यासाठीच, आणि डोंगराच्या कडेकडेने एवढी वळणे घेतली आहेत तीही त्यामुळेच. पुढे १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली, पण दगडाचा व्यापार इतका वाढला की ती अपुरी पडू लागली. अशा वळणांवर लांब चौकटीचे मोठे इंजिन चालवणे अशक्य होते. फेअरली यांनी चाके इंजिनाखाली वळू शकणाऱ्या दोन स्वतंत्र चौकटींवर (बोगींवर) बसवली आणि प्रत्येक चौकटीला स्वतःची सिलिंडरे दिली. त्यामुळे ताकद दुप्पट झाली आणि इंजिन वळणावर वळूही लागले. १८६९ चे ‘लिटल वंडर’ हे त्यांपैकी येथले पहिले, आणि त्याच्या चाचण्या पाहायला परदेशांतून अभियंते आले होते.

१९४६ मध्ये मार्ग बंद पडला, रुळांवर झुडपे माजली. १९५४ मध्ये ॲलन पेगलर यांनी कंपनीचा ताबा मिळवला आणि दुसऱ्याच वर्षी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी पुन्हा धावू लागली. ताफा वाढवायची निकड तेव्हापासूनची. साठच्या दशकात एका खाणीच्या मार्गावरची ‘लिंडा’ आणि ‘ब्लांश’ ही १८९३ ची जोडी आली, पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत बांधलेले ‘माउंटेनियर’ही आले. पण इतक्या अरुंद मार्गाला चालतील अशी दमदार इंजिने बाजारात मिळणार तरी किती? तेव्हा १९७९ मध्ये यांनी बॉस्टन लॉज या आपल्याच कारखान्यात ‘अर्ल ऑफ मेरियोनेथ’ हे जोडइंजिन (दोन धुराड्यांचे फेअरली) बांधले. याच कारखान्यात बरोबर शंभर वर्षे आधी, १८७९ मध्ये, ‘मर्दिन एमरिस’ बांधले गेले होते आणि तेही अजून ताफ्यात आहे. त्यानंतर १९९२ मध्ये ‘डेव्हिड लॉइड जॉर्ज’, १९९९ मध्ये एकेरी (एकाच धुराड्याचे) फेअरली ‘टॅलिएसिन’, २०१० मध्ये ‘लिड’ आणि २०२३ मध्ये ‘जेम्स स्पूनर’ अशी भर पडत गेली. स्पूनर म्हणजे या मार्गाची आखणी करणारे गृहस्थ.

२०२३ मध्ये बांधलेल्या इंजिनाला वारसा कसे म्हणायचे, अशी शंका मलाही आली होती. मात्र ज्या कारखान्याने १८७९ मध्ये एक यंत्र घडवले, तोच कारखाना तेच यंत्र आजही घडवू शकतो, यात लोखंडाबरोबर हातातले कसबही टिकले आहे. आपल्या माथेरानची १९०७ च्या सुमाराची मूळ इंजिने केव्हाच सेवेतून गेली. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते, पण तसे दुसरे बांधण्याचा विचार कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अर्थात यांची प्रत्येक भर मला सारखीच पटली असे नाही. ‘अर्ल’च्या पाण्याच्या टाक्या निव्वळ चौकोनी, पेटाऱ्यासारख्या होत्या आणि २०१८ मध्ये ते सेवेतून निघाले याचे मला, छायाचित्रे पाहून तरी, वाईट वाटले नाही; ‘स्पूनर’ पुन्हा जुन्या घाटाचे आहे, हे बरे झाले. ‘लिड’ तर डेव्हनमधल्या, १९३५ मध्ये बंद पडलेल्या एका वेगळ्याच मार्गाच्या इंजिनाची प्रतिकृती आहे. कारागिरी उत्तम, पण ते इथे पाहुणेच वाटते.

गाडी सुटल्याबरोबर ‘कॉब’ लागतो. खाडीचे मुख अडवण्यासाठी विल्यम मॅडॉक्स यांनी घातलेला, १८११ मध्ये पुरा झालेला हा सुमारे दीड किलोमीटरचा बांध आहे. उजवीकडे समुद्राची खाडी, डावीकडे सपाट गवताळ जमीन आणि तिच्यामागे स्नोडोनियाची शिखरे. बांध संपतो तिथेच बॉस्टन लॉजच्या दगडी इमारती दिसतात. मग चढ सुरू होतो आणि या इंजिनाचा आवाज नीट ऐकू येऊ लागतो. चाकांचे दोन्ही संच स्वतंत्र असल्याने त्यांचे फुत्कार कधी एकात एक मिसळून जोरकस येतात, तर कधी हळूहळू विलग होऊन दुप्पट जलद वाटतात, जणू दोन तबलजी एकाच ठेक्यावर मागेपुढे होत आहेत. खिडकी उघडी ठेवून हे ऐकावे. कोळशाची कुसळे डोळ्यात जातात, पण तक्रार करू नये.

डिआल्टजवळ गाडी स्वतःच्याच मार्गावरून वेटोळे घेऊन वर चढते. जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात जुना मार्ग गेल्यामुळे स्वयंसेवकांनी १९६५ पासून तेरा वर्षे खपून हा पर्यायी मार्ग बांधला आणि १९८२ मध्ये गाडी पुन्हा ब्लायनायपर्यंत पोहोचली. शेवटच्या टप्प्यात दोन्ही अंगांना फोडलेल्या काळ्या-जांभळ्या दगडांचे ढीगच ढीग लागतात; त्या दिवशी पाऊस होता आणि ते ढीग ओल्या पाटीसारखे चकाकत होते.

वर जायला सुमारे सव्वा तास लागतो. जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्यावी, म्हणजे आधी समुद्र आणि नंतर दरी दोन्ही दिसतात. जोडइंजिनाची गाडी कोणती, हे तिकीट काढण्यापूर्वी अवश्य विचारून घ्यावे. परतीच्या प्रवासात टॅन-अ-बुल्ख स्थानकात समोरून येणारी गाडी थांबलेली होती. तिला ‘मर्दिन एमरिस’ जोडलेले होते, आणि नातीने खिडकीतून डोके काढून दोन्ही इंजिनांची धुराडी मोजली: चार.