ईएसजी फंडात तीन वर्षं एसआयपी, माझा अनुभव (३ स्टार)

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. लहानपणी आई सकाळी तुळशीवृंदावन धुवायची आणि संध्याकाळी दिवा लावायला गेली की परत त्यावर तांबडी धूळ, बोटाने नाव लिहिता येईल इतकी, कारण रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांची, माती वाहून काकांच्या शेतात बसायची. मग २०१२ ला खाणी बंद, नंतर थोड्या सुरू, आणि फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरणच रद्द केलं. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे हप्ते थकले. पर्यावरणाचे नियम मोडले की पैसाही बुडतो हे आम्ही दारात बघितलंय, म्हणून ईएसजी फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून शेअर निवडणारा म्युच्युअल फंड, ऐकल्यावर मी लगेच तयार झाले.

पणजीतल्या एका वितरकाकडून २०२२ मध्ये महिना ३००० ची एसआयपी घेतली. त्यांना एकच विचारलं, यात खाण कंपनी असेल का? म्हणाले, "अहो मॅडम, ईएसजी म्हणजे सगळ्या चांगल्याच कंपन्या, टेन्शन घेऊ नका." घरी येऊन फॅक्टशीट (फंडाचे पैसे कुठे आहेत ते सांगणारा कागद) उघडली तर वर बँका आणि आयटी, आणि खाली चौदाव्या नंबरवर एक मेटल कंपनी, जिच्या स्वतःच्या खाणी आहेत!

पुढे फंडाच्या नावात 'इंटिग्रेशन' शब्द आला तेव्हा उलगडा झाला. सेबीने (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची नियामक संस्था) जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांचे सहा प्रकार केले आणि प्रकार नावातच लिहायला लावला. एक्सक्लूजन म्हणजे ठरावीक धंदे बाहेर. इंटिग्रेशन म्हणजे नफातोट्यासोबत हे मुद्देही तपासायचे, पण धंदा कुठलाही चालतो. बेस्ट-इन-क्लासमध्ये तर खाणवाल्यांतली त्यातल्या त्यात बरी कंपनीही बसू शकते. हे वितरकाने पहिल्या दिवशी नाही तरी नाव बदललं तेव्हा तरी सांगायला हवं होतं, मला त्याचा खरंच राग आला.

आवडलं ते म्हणजे दर महिन्याच्या पोर्टफोलिओत प्रत्येक कंपनीचा ईएसजी स्कोर (गुण) आणि तो कोणी दिला ते छापतात. पण नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नाही. सत्यम या आयटी कंपनीला २००८ मध्ये चांगल्या कारभाराचं बक्षीस मिळालं होतं आणि जानेवारी २००९ ला घोटाळा बाहेर आला. बँकेचंही तसंच, तिचं स्वतःचं ऑफिस स्वच्छच असणार हो, कर्ज कोणाला देते ते त्या एका आकड्यात मला कुठे दिसणार?

म्हणून मी आता बीआरएसआर वाचते, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराबद्दल कंपनी स्वतः देते तो अहवाल. पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून तो भरावाच लागतो, वार्षिक अहवालात सापडतो. सुरुवातीलाच तक्रारींचा तक्ता असतो, त्यात 'कम्युनिटीज'ची ओळ बघा, गावकऱ्यांच्या तक्रारी किती आल्या, वर्षअखेर किती पडून राहिल्या. खाणीच्या कंपनीने तिथे शून्य लिहिलं असेल तर मी नकाशावर शेजारची गावं शोधते आणि मराठी पेपरात त्या गावांची नावं टाकून बघते. तासभर जातो, पण स्कोरपेक्षा जास्त कळतं.

फंडाला ३ स्टार, वितरकाला १. जुने युनिट ठेवलेत, नवीन एसआयपी एक्सक्लूजनवाल्या फंडात डायरेक्ट प्लॅनमध्ये (मध्ये वितरक नाही) केलीय, आणि घेण्याआधी काय काय वगळतात ती यादी स्कीमच्या कागदात स्वतः वाचली.