बिनव्याजी हप्ता: दुकानातलं फायनान्स, क्रेडिट कार्ड की रोख?

36,000 रुपयांचा फ्रिज. महिन्याला 3,000, बारा महिने, व्याज शून्य. दुकानदार एवढंच सांगतो आणि त्यात तो खोटं बोलत नाही. पण हाच फ्रिज तीन वाटांनी घरी येऊ शकतो आणि सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदवहीत, तिन्हींचा माग वेगळा राहतो. वर्षभरात गृहकर्ज काढायचं मनात असेल, तर हा फरक दुकानात शिरण्याआधीच समजून घ्या.

पहिली वाट काउंटरवरच्या फायनान्सची. टॅब घेऊन बसलेला मुलगा आधार, पॅन मागतो, फोटो काढतो, ओटीपी विचारतो आणि दहा मिनिटांत ‘अप्रूव्ह झालं’ म्हणतो. त्या दहा मिनिटांत तुमच्या नावावर एक स्वतंत्र कर्ज चढलेलं असतं. व्याजाचा भार फ्रिजची कंपनी किंवा दुकानदार उचलतो, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. रिपोर्टमध्ये मात्र ‘कन्झ्युमर लोन’ म्हणून नवं खातं उघडतं. फ्रिज, मोबाइल, टीव्ही वेगवेगळ्या वेळी घेतलेत, तर तीन खाती. ‘12/4’ची स्कीम असेल तर चार हप्ते, म्हणजे 12,000 रुपये, तिथेच भरायचे आणि उरलेल्या 24,000चं कर्ज आठ महिन्यांत फेडायचं. वर फाइल चार्ज असतोच.

एका कंपनीने नाकारलं की ‘दुसरीकडे फाइल टाकून बघू’ असं अगदी सहज म्हटलं जातं. तिथे थांबा. प्रत्येक फाइलमागे रिपोर्टवर एक हार्ड एन्क्वायरी, म्हणजे कर्ज मागितल्याची नोंद, लागते, आणि एकाच संध्याकाळी लागलेल्या तीन-चार एन्क्वायऱ्या पाहून पुढच्या बँकेला वाटतं की हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय.

माझ्या धाकट्या भावाने नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं, पण हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, जुन्याच खात्यावर राहिलं. 3,000चा एक हप्ता बाउन्स झाला आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाउन्सचे चार्जेस बँक आणि फायनान्स कंपनी अशा दोन्हीकडून लागले, ते भरून मोकळं होता आलं. पण दीड वर्षानंतर गृहकर्जाच्या वेळी बँकेतल्या बाईंनी त्या एका थकलेल्या महिन्यावर बोट ठेवून लेखी खुलासा मागितला. रिपोर्टमध्ये 36 महिन्यांचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. रक्कम लहान होती म्हणून तो महिना पुसला जात नाही. पूर्वी कर्ज देणाऱ्यांकडून सिबिलसारख्या ब्युरोंकडे ही माहिती महिन्यातून एकदा जायची, जानेवारी 2025पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे चूकही लवकर उमटते.

तरी ही वाट वाईट, असं मी म्हणणार नाही. पहिलीच नोकरी, कार्ड नाही, सिबिल कोरा, अशा मुलाला किंवा मुलीला इतिहास उभा करायला हे आठ हप्ते उपयोगी पडतात. फक्त खात्यात हप्त्याच्या तारखेआधी चार दिवस पैसे हवेत.

दुसरी वाट हातातल्या क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय. इथे सहसा नवं खातं उघडत नाही, नवी एन्क्वायरी लागत नाही. पण फ्रिजची रक्कम लिमिटमधून अडकते. 60,000च्या लिमिटवर 36,000 म्हणजे 60 टक्के वापर; 30 टक्क्यांच्या आत राहावं हा ढोबळ नियम, म्हणून पहिले काही महिने सिबिल स्कोअर, म्हणजे तुमच्या पतीचा आकडा, खाली येऊ शकतो. हप्ते फिटत गेले की लिमिट मोकळी होते. लिमिट 3 लाख असेल तर हाच वापर 12 टक्के, काळजीचं कारण नाही.

पैशांचा खरा हिशेब मात्र इथेच लपतो. ‘शून्य टक्के’ व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013मध्येच बँकांना सुनावलं होतं. बँक व्याज लावते, तेवढी सूट दुकानदार आधीच देतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो. 15 टक्के दर धरला तर बारा महिन्यांचं व्याज साधारण 2,760 आणि त्यावरचा जीएसटी सुमारे 500 रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि बिलातली फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम, भरलीत, तर बिनव्याजीपणा तिथेच संपला.

तिसरी वाट रोख किंवा यूपीआय. सिबिलवर काहीच उमटत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. शिवाय किमतीत घासाघीस करायला जागा राहते.

माझं मत स्पष्ट आहे: सहा महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज टाकायचा असेल तर रोख घ्या, नाहीतर फ्रिज पुढे ढकला. चालू हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा धरला जातो. लिमिट मोठी असेल आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तर कार्ड. सिबिल कोरा असेल तर काउंटर, पण एका वेळी एकच वस्तू.

काउंटरचं कर्ज फिटल्यावर एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मागून घ्या आणि महिनाभराने रिपोर्ट काढून खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते बघा. सिबिलसारखे रिपोर्ट ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे.